आधी टोपली, मग मांजर

गेल्या आठवड्यात आमच्या नातीने माझ्यापुढे एक वही आणून ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने मथळा होता, "मांजरासाठी आणायच्या वस्तू". खाली क्रमवार अकरा वस्तू होत्या. पहिली घुंगरू लावलेला गळपट्टा, दुसरी गुलाबी गादी, तिसरी पिसांची काठी, चौथी मांजराच्या चित्राची ताटली. पुढच्या सात वस्तूही याच थाटाच्या होत्या. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाकडे मांजरीला चार पिल्ले झाली आहेत आणि त्यांतले एक आमच्या घरी येणार, असे घरातल्या धाकट्या पिढीने परस्पर ठरवून टाकले आहे. माझ्याकडे फक्त मंजुरीसाठी कागद आला होता.

मी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणालो, "यातल्या दहा वस्तू खोड. आणि ज्या वस्तूवाचून पिल्लू घरात येणार नाही, ती यात नाहीच."

"कोणती, आजोबा?"

"टोपली," मी म्हणालो.

नात गप्प झाली. ती का गप्प झाली ते पुढे सांगेन. त्या वेळी आमचे एक जुने स्नेही चहाला आले होते. त्यांना ही सारी चर्चा फार विनोदी वाटली. ते म्हणाले, "अहो, मांजर आणताय की सून? आपल्या लहानपणी मांजराला कोणी सामानसुमान आणलं होतं का? ती यायची, राहायची, व्यायची आणि जायची. तुम्ही दूधभाताचा एक घास टाकलात की झालं!"

हे मत एकट्या त्यांचे नाही. आपल्यांतल्या शंभरांपैकी नव्वद माणसांचे हेच मत असेल, आणि परवापरवापर्यंत माझेही हेच होते. म्हणूनच त्याचा जरा विस्ताराने समाचार घ्यावा असे वाटते.

स्नेही म्हणाले त्यात एक गोष्ट खरी. आमच्या लहानपणी मांजराला कोणी काही आणत नसे. माझे बालपण दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात गेले. त्या वाड्यात मांजरे किती होती हे कोणालाच सांगता आले नसते. पांढऱ्या रंगाची ती मनी, काळा तो बोका, आणि बाकीची नुसती "ती मांजरं". पण आज वयाच्या या टप्प्यावर तो वाडा डोळ्यांपुढे आणला म्हणजे वाटते, मांजराला लागणारे सगळे सामान त्या वाड्यात मांजर येण्यापूर्वीपासूनच होते. ते आम्ही आणले नव्हते, एवढेच.

पाहा ना. मागे परस होता आणि परसात मऊ मोकळी माती होती. मांजराचा विधी तिथे होई, वर माती ओढली जाई आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही लागत नसे. चौकाच्या चार कोपऱ्यांना सागवानी खांब होते. त्यांवर नखांचे ओरखडे होते आणि आजोबा त्यावरून रोज एकदा तरी मांजरांच्या कुळाचा उद्धार करीत. जिन्याच्या वर काळोखा माळा होता, त्यावर जुने पेटारे आणि फाटक्या गोधड्या. पाहुणे आले, फटाके वाजले, मुलांनी शेपूट ओढले, की मांजर त्या माळ्यावर गेले म्हणून समजावे. धान्याच्या कोठीत उंदीर होते. कौलांवर ऊन होते. विहिरीच्या काठी दगडी डोणीत पाणी होते. दार दिवसभर उघडे आणि रात्री लावले तरी खालच्या फटीतून मांजर जाईल एवढे सैल.

माती, खांब, माळा, उंदीर, पाणी, ऊन आणि वाट. एवढे सगळे ज्याला आयते मिळाले, त्याला आमच्या दूधभाताचे काय अप्रूप? तो वरचा घास होता. आम्हांला मात्र वाटे, मांजर दूधभातावर जगते आहे.

आता स्नेह्यांच्या समोर मी आमचे सध्याचे घर उभे करतो. तिसरा मजला. तीन खोल्या. फरशी अशी गुळगुळीत की तिच्यावर मांजराचे नख ठरत नाही. माती फक्त तुळशीच्या कुंडीत. खांब आहेत, पण ते सिमेंटच्या आत. माळा आहे, पण त्याला झडपा बसवल्या आहेत. उंदीर नाहीत आणि असू नयेत म्हणून सोसायटी पैसे भरते. दार स्वतःहून बंद होते आणि त्याला फट म्हणून नाही. अशा घरात एक सव्वादोन महिन्यांचा जीव आणून सोडायचा आणि "मांजर आपले आपण पाहून घेते" म्हणायचे, याला काय म्हणावे? वाड्यातले मांजर आपले आपण पाहून घेई, कारण पाहून घेण्यासारखे त्याला काही होते. इथे आपण दार लावून घेतो त्या क्षणी त्याचे सगळे पाहणे आपल्यावर येते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मांजर आणण्यापूर्वी जी यादी करायची, ती दुकानात उभे राहून करू नये. आपण ज्या घरात मांजरे पाहिली ते जुने घर आठवावे, त्यातून आपण काय काय काढून टाकले ते मोजावे, आणि त्यातल्या एकेका गोष्टीची भरपाई करावी.

पहिली भरपाई मातीची. याला पसरट, उथळ घमेले पुरते. पिल्लासाठी कड तीन इंचांपेक्षा उंच नको. मोठ्या मांजरासाठी घमेल्याची लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट तरी हवी, कारण त्याला आत उभे राहून वळता आले पाहिजे. आत दोन-तीन इंच वाळू. हल्ली दुकानात जी तयार वाळू मिळते तिची कथा गमतीची आहे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगन प्रांतातल्या एडवर्ड लो नावाच्या माणसाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याने तिला वाळूऐवजी तेल शोषणाऱ्या मातीची पिशवी दिली. ही माती म्हणजे आपल्या आज्या केसांना लावीत त्या मुलतानी मातीचीच बहीण. तेवढ्यावर त्या गृहस्थाने पुढे मोठा व्यापार उभारला. आज जी गोळा होणारी वाळू मिळते ती बेंटोनाइट नावाच्या मातीची असते आणि ती माती आपल्या कच्छात मुबलक निघते. म्हणजे परदेशी थाटाच्या पिशवीतून आपण कच्छचीच माती घरी आणत असू, असाही संभव आहे! मात्र अगदी लहान पिल्लू ही माती चाटते किंवा गिळते आणि ती पोटात गोळा होऊ शकते. म्हणून सुरुवातीला न गोळा होणारी वाळू किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्या बऱ्या. सुगंधी वाळू घेऊ नये. तो सुगंध आपल्या नाकासाठी असतो, मांजर त्याला कंटाळते आणि दिवाणाखालचा कोपरा पसंत करते. मग आपण म्हणतो, मांजर घाणेरडे.

घमेले रोज साफ झाले पाहिजे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू येऊ शकतो. तो बाहेर पडताच बाधत नाही, त्याला त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. रोजची सफाई ही त्यावरची सर्वांत स्वस्त तोड आहे. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. एवढ्या एका भीतीपोटी कित्येक घरांतून सून गरोदर राहिली की मांजराला पोत्यात घालून दूर सोडून येतात. घरातल्या पुरुषाने सकाळी पाच मिनिटे खुरपे हातात घेतले तर हे पाप टळेल.

दुसरी भरपाई खांबाची. मांजर खोडी म्हणून ओरखडे काढते, ही समजूत चुकीची आहे. नखाचे वरचे जुने टरफल निघावे, अंग ताणले जावे आणि "मी इथे राहतो" ही पाटी लागावी, अशी तीन कामे तो एका झटक्यात करतो. एक जाड फळी किंवा खुंट घ्यावा, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी किंवा गोणपाट ठोकावे, आणि तो हलणार नाही असा उभा करावा. मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताण देता आला पाहिजे, म्हणून अडीच-तीन फूट उंची हवी. दुकानात दीड फुटाचे मखमली खांब मिळतात, जरा ओढले की पडतात. मांजर एकदा पडलेल्या खांबाकडे पुन्हा जात नाही, ते सोफ्याकडे जाते.

तिसरी भरपाई माळ्याची. यासाठी एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात जुने लुगडे घातले की पुरे. गुलाबी गादी मी खोडली ती याचसाठी. मांजराला लपायला जागा हवी असते आणि त्याच्या गादीला भोवती भिंती नव्हत्या. खोक्याबरोबर एखादी उंच फळी किंवा कपाटाचा माथा मोकळा ठेवावा. पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवावे. सगळे घर एकदम दाखवायची आपल्याला घाई असते, त्याला नसते.

चौथी भरपाई उंदरांची, आणि इथे मात्र आमच्यासारख्या घरांचा खरा कस लागतो. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो. आम्ही ज्या शहरात राहतो तिथे शेजारही बहुधा शाकाहारीच असतो. पण मांजर हा निर्भेळ मांसाहारी प्राणी आहे आणि त्याला आपल्या सोवळ्याओवळ्याशी कर्तव्य नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांस आणि मासळी यांत असते, वनस्पतींत नसते. मांजराच्या शरीराला ते पुरेसे तयार करता येत नाही. १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की दुधातल्या केसीन या प्रथिनावर पोसलेल्या मांजरांचे दृष्टिपटल हळूहळू निकामी होते, आणि कारण टॉरिनचा अभाव. १९८७ साली असे आढळले की याच अभावाने मांजराचे हृदय सैल पडून ते मरू शकते. मग आपल्या दूधभाताचे काय? मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचतही नाही. ते आवडीने पितात आणि मग पोट बिघडते. ते डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण त्याला लबाड ठरवले. त्याला ते सोसत नाही याकडे आपणच डोळे मिटले!

तेव्हा शाकाहारी गृहस्थाने यादी करताना या ओळीपाशी थांबावे आणि घरातल्या सर्वांना विचारावे. मांजराला तयार खाद्य द्यायचे तर त्यात मांस किंवा मासळी असणार. ते आपल्या घरात, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या फळीवर का होईना, येऊ द्यायचे की नाही? "येऊ द्यायचे" असे उत्तर आले तर पुढच्या ओळीकडे जावे. "नाही" असे आले तर त्यातही काही कमीपणा नाही. त्या घराने पोपटरंगी पडदे घ्यावेत, गाय-वासराला घास द्यावा, पाखरांना पाणी ठेवावे, पण मांजर आणू नये. स्वतःचे व्रत दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि हृदयावर फेडायचे, हे मला कोणत्याही धर्मात बसेलसे वाटत नाही. आमच्या घरात या ओळीवर दोन दिवस चर्चा चालली. शेवटी आमची सौ. म्हणाली, "गॅलरीतली खालची फळी त्याची. तिथलं मी पाहणार नाही आणि बोलणार नाही." एवढ्यावर तो ठराव संमत झाला. कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून ते मांजराला घालण्याचाही काहींचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे, त्यात मांजराला हवे तेवढे टॉरिन असेलच असे नाही.

पाण्याचे भांडे पसरट हवे आणि जेवणाच्या भांड्यापासून दूर. घमेल्यापासून तर दोन्ही दूर. आपण तरी मोरीत पान वाढून घेऊ का?

आता वाट. वाड्यातल्या मांजराला बाहेर जायला वाट होती. इथे वाट म्हणजे तिसऱ्या मजल्याची गॅलरी. "मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर पडते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणीतरी कोरून ठेवले असावे. चार पायांवर पडते हे पुष्कळदा खरे. पण तेवढ्याने हाडे, जबडा आणि छाती शाबूत राहत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयाने १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतली ९० टक्के वाचली, असे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पण ती रुग्णालयात आणलेली मांजरे होती. जी जागच्या जागी गेली ती कोणी कशाला आणील? शिवाय वाचलेल्यांच्या जखमांची गणती त्याच अहवालात आहे. आपल्या खिडक्यांचे गज चोरासाठी बसवलेले असतात, पिल्लाचे डोके जिथून जाते तिथून ते सगळे जाते. म्हणून पिल्लू येण्यापूर्वी जाळी. ती नंतर बसवू म्हणून चालत नाही.

यादीचा दुसरा भाग घरातून काढायच्या वस्तूंचा आहे आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. फिनेल पहिले. आपण फरशी फिनेलने पुसतो, मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. फिनेलमधली द्रव्ये निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. पॅरासिटामॉलचेही तेच. आपली तापाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आपल्याकडे प्रेमापोटी अर्धी गोळी चारणारे लोक आहेत. कपाटातल्या डांबरगोळ्या, कांदालसणाची फोडणी घातलेला भात, समारंभाच्या गुच्छांतून येणारी मोठी लिलीची फुले, ही सर्व काढायची. त्या लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आणि या शहरात तर मांजा! १४ जानेवारीचा उत्तरायणाचा दिवस उलटला की पुढे महिनाभर गच्चीवर, गॅलरीत, झाडांवर मांज्याचे तुकडे लोंबत असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर आला की तो बाहेर टाकता येत नाही, आतच जातो आणि आतडी कापतो. शिवणाच्या डब्यातला दोराही तसाच. मांजराने दोऱ्याशी खेळावे हे चित्र आपल्याला गोड वाटते ते चित्रापुरतेच.

आता टोपली.

पूर्वी आम्ही विश्वामित्रीच्या काठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होतो. तिथे आमच्याकडे एक मांजर होती. ती आणलेली नव्हती, आलेली होती. करड्या रंगाची, डाव्या कानाला चीर गेलेली. नातीने तिचे नाव चिंगी ठेवले. त्या वेळी नात सहा वर्षांची होती. चिंगीसाठी आम्ही काही म्हणजे काही आणले नव्हते. स्नेही म्हणतात त्याच तत्त्वावर आमचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पावसाने ताळतंत्र सोडले. विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या वर कित्येक फूट चढली. तो पूर या शहरातले कोणी विसरलेले नाही. रस्त्यांतून मगरी फिरत होत्या, हेही आपण सर्वांनी पाहिले किंवा ऐकले. आमच्या घरात पाणी पहाटे शिरले. दुपारपर्यंत ते खाटेला लागले. मग होडी आली. होडीतल्या मुलांनी सांगितले, "काका, फक्त माणसं आणि औषधं."

मी चिंगीला कडेवर घेतले. ती कपाटावर बसली होती, मुकाट्याने आली. दारापर्यंत नीट होती. दारात होडीचे यंत्र सुरू झाले, कोणी तरी ओरडले, आणि त्या अडीच-तीन किलोच्या जीवात अशी शक्ती आली की मला सांगता येत नाही. माझा सदरा आणि खांदा फाडून ती निसटली, पाण्यात पडली, पोहत जिन्याकडे गेली आणि अंधारात दिसेनाशी झाली. मी परत फिरणार होतो. मुलाने माझा दंड धरला. होडीत आणखी दोन म्हाताऱ्या होत्या आणि एक तान्हे मूल होते. थांबणे शक्य नव्हते. नात त्या होडीत रडली नाही. ती नुसती जिन्याकडे पाहत राहिली.

पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो. सगळीकडे गाळ होता. आठ दिवस आम्ही शोधले, गच्चीवर, वाहनतळात, शेजारच्या सोसायट्यांत. नात ताटलीवर चमचा वाजवीत हिंडे, कारण त्या आवाजाला ती येत असे. चिंगी मिळाली नाही.

त्या दिवशी घरात झाकणाची एक टोपली असती तर? मी याचा पुष्कळ विचार केला आहे आणि माझे उत्तर दर वेळी एकच येते. भेदरलेले मांजर हातांत राहत नाही, कोणाच्याही हातांत राहत नाही. ते बंद टोपलीत राहते. एक टोपली होडीत मांडीवर मावली असती. होडीतल्या मुलांनी नाही म्हटले असते का? मला नाही वाटत. त्यांनी हाताने धरलेल्या चिंगीलाही आधी नाही म्हटले नव्हते. पुराला दोष देणे सोपे आहे आणि मी काही दिवस तो दिला. पण पूर या शहराला नवा नाही. ३१ जुलै २०१९ ला तो येऊन गेला होता आणि तेव्हाही आम्ही याच काठावर होतो. टोपली आणायला मला पाच वर्षे मिळाली होती. मी ती आणली नाही, कारण मांजराला सामान लागत नाही असे माझे मत होते.

म्हणून माझ्या यादीत टोपली पहिली. वेताची घ्या, प्लास्टिकची घ्या, झाकण वरून उघडणारे असावे आणि कडी पक्की असावी. ती माळ्यावर टाकून देऊ नये. पिल्लू येण्यापूर्वी आठ दिवस ती दिवाणखान्यात उघडी ठेवावी आणि आत जुने कापड घालावे. मांजराने तिच्यात आपण होऊन झोपायला शिकले पाहिजे. तिच्यातूनच ते डॉक्टरकडे लसी टोचायला जाईल, पाच-सहा महिन्यांचे झाले की शस्त्रक्रियेला जाईल. टोपली केवळ आपत्तीच्या दिवशी बाहेर काढली तर मांजर आपत्ती ओळखते आणि कपाटामागे जाते.

आमच्या स्नेह्यांनी हे ऐकून घेतले. चिंगीची हकिकत त्यांना ठाऊक होती, पण टोपलीशी तिचा संबंध त्यांनी लावला नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण एवढा खर्च? माणसांना मिळत नाही तिथे..."

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळू नये. पण जरा हिशोब करा. घमेले, वाळू, काथ्याचा खुंट, पुठ्ठ्याचे खोके, दोन भांडी, जुने लुगडे, टोपली, जाळी. यांत टोपली, वाळू आणि जाळी एवढेच काय ते विकत घ्यावे लागते. बाकीचे घरात निघते. महाग होत्या त्या नातीच्या यादीतल्या खोडलेल्या वस्तू. मंगळबाजाराकडे एका दुकानदाराने आम्हांला घुंगरांचा गळपट्टा दाखवून "काका, बधा लई जाय छे" म्हटले. सगळे घेऊन जातात हे खरे असेल. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी असे आजवर फक्त उंदरांनाच वाटत आले, आपल्याला का वाटावे हे मला कळत नाही. घट्ट पट्टा फांदीत किंवा गजात अडकला तर गळफास होतो. पट्टा हवाच असेल तर ओढ बसताच सुटणारा घ्यावा.

आणखी एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर वाड्याचे वर्णन खोटे ठरेल. वाड्यात मांजराला सगळे होते असे मी वर म्हटले. पण त्या वाड्यात पिल्ले मोजायची रीत नव्हती. पाच व्हायची आणि पावसाळा संपता एखादे दिसायचे. बाकीची कुठे गेली हे कोणी विचारीत नसे. आई म्हणे, मांजर पिल्लांना सात घरे हिंडवते. मला आज वाटते, ती सगळी सात घरे हिंडून परत येत नव्हती. काही बोक्याने नेली, काही रोगाने गेली, काही विहिरीत पडली. "आपल्या वेळी काही लागत नसे" या वाक्यात ही न मोजलेली पिल्ले असतात. स्नेह्यांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांच्याही वाड्यात विहीर होती.

यादी करणे म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे ज्यांना वाटते त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी यादी करून पाहावी. ती करताना माणसाला कळते की आपल्याला मांजर हवे आहे की मांजराचे चित्र. पिल्लाला पंधरा वर्षे आयुष्य असू शकते. घमेले उपसायला पाचव्या वर्षी कोण असेल? आम्ही दोघे म्हातारे नसलो तर दहाव्या वर्षी कोण असेल? हे प्रश्न यादीच्या शेवटी आपोआप येतात. आमच्याकडे ते आले आणि नातीच्या बापाने त्या वहीत त्यांच्यापुढे आपले नाव लिहिले. ते नाव नसते तर मी मंजुरी दिली नसती.

पिल्लू अजून आपल्या आईपाशी आहे. ते आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आणायचे नाही, असे मी बजावले होते. आता आठवडे पुरे झाले, पण आणखी थोडे दिवस राहिले तरी ते आईचेच शिकेल, म्हणून सव्वादोन महिन्यांचा मुहूर्त ठरला आहे. गॅलरीला जाळी बसली. खुंटाला काथ्या मी आणि नातीने मिळून गुंडाळला. फिनेलची बाटली खाली पहारेकऱ्याला देऊन टाकली.

टोपली दिवाणखान्यात खिडकीखाली उघडी ठेवली आहे. आत नातीने आपला जुना झबला घातला आहे. परवा संध्याकाळी ती टोपलीपाशी बसून झाकण उघडत होती, लावत होती, कडी ओढून पाहत होती. मी विचारले, "काय करते आहेस?"

ती म्हणाली, "मला अंधारातसुद्धा लावता आली पाहिजे ना, आजोबा."